बाळंतविड्यातली तेलाची बाटली

आज आपण ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत, ती तुमच्या-आमच्या प्रत्येकीच्या अंगाला लागलेली आहे. ती म्हणजे घरी काढलेलं तेल. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की आई आणि आजी आधी नारळ मोजायला घेत. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, टोपडी हे सगळं बाळंतविड्यात असेच, पण एका कोपऱ्यात बूच घट्ट लावलेली तेलाची बाटलीही असे. कपड्यांचं कौतुक होई. बाटलीचं कुणी फारसं करत नसे. म्हणून आज आम्ही तिचाच इतिहास सांगणार आहोत.

या तेलाची हकीकत कुठल्या बखरीत नाही. पण शब्दांत आहे. इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात इथल्या नारळाच्या तेलाची नावं नोंदवली आहेत: खोबरेल, आवेल, मुठेल. खोबरेल म्हणजे सुक्या खोबऱ्याचं, घाण्यावर काढलेलं. आवेल म्हणजे ओला नारळ खवून, तो कीस किंवा त्याचा रस मंद आचेवर तापवून सोडवलेलं. आणि मुठेल? मूठ आणि तेल. वाटलेलं खोबरं हाताने पिळून काढलेलं तेल. घाण्याला बैल लागतो आणि घाणा तेल्याच्या दारी असतो. आवेल आणि मुठेल यांना लागतात ते चूल, खवणी आणि बाईचे हात. त्या हातांची कुणी नोंद केली नाही, पण मूठ मात्र शब्दात राहिली.

आता जरा हिशेब करू. दहा नारळ खवून, रस काढून आटवले तर हाती येतं जेमतेम अर्धा लिटर तेल, फार तर थोडं वर. आपल्या मालगुंडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात नारळ म्हणजे रोख पैसा. तो विकून मीठ-मिरची, कापडचोपड यायचं. म्हणजे दहा नारळ तेलासाठी बाजूला ठेवणं ही चैनच होती. त्यात चुलीपुढचे दोन-तीन तास. आच मोठी झाली की तेल करपलं, लहान राहिली की पाण्याचा अंश उरून चार दिवसांत खवट वास आला. फेस बसला, तळाचा चोथा तांबूस झाला, की ओळखायचं तेल सुटलं. तो चोथा गुळाबरोबर मुलांच्या हातावर पडे. तेल मात्र गाळून वर ठेवलं जाई. ते विकायचं नसे, कुणाला तरी द्यायचं असे.

तेल देण्याची रीत काही एकट्या बाळंतपणाची नाही. लग्नात तेलवण आहे, काही घरांत तेलफळ पाठवतात. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग असतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही रोज तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत. अंगाला तेल लावणं म्हणजे 'तू आमचा, तुझी काळजी आम्हाला' असं न बोलता सांगणं. म्हणूनच आहेर म्हणून ते शोभत होतं.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तेल आई काढी, तरी बाळाला पायांवर घेऊन चोळून-रगडून न्हाऊ घाली ती बहुतेक ठिकाणी सुईण. कितीतरी घरांत तिच्या हातांवर तान्हं बाळ बिनधास्त सोपवत, पण तिची जात पाहून तिला माजघराचा उंबरा ओलांडू देत नसत. मोबदला म्हणून मिळे तो नारळ, पायलीभर भात, बाराव्या दिवशी एखादं लुगडं. आपल्या मालगुंडात १८६६ साली केशवसुत जन्मले, त्यांचं घर पाहायला दूरदूरची माणसं येतात. कवीचं साल आपल्याला पाठ आहे. पण त्या काळात या गावात जन्मलेल्या पोरांना न्हाऊ घालणाऱ्या बायांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? आम्हाला नाही आलं.

मग बाजार आला. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वरचा कारखाना सुरू झाला आणि वैद्याच्या घरची औषधं बाटलीबंद मिळू लागली. १९१७ साली टाटांची तेलगिरणी कंपनी, टॉमको, निघाली. तिने केरळात खोबरेलाचा मोठा कारखाना उभारला. पुढे डबे आले, मग निळ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. इकडे आपल्या घरातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. गावातून बोटीने, नंतर एसटीने, त्यांच्याकडे घरच्या तेलाच्या बाटल्या जायच्या, आणि तिकडून येताना दुकानातली बाटली यायची. आम्ही दुकानच्या तेलाला नावं ठेवणार नाही. त्याने कितीतरी बायांचे खांदे वाचवले. पण बाटली विकत मिळू लागली, तशी एक समजूत झाली की तेल म्हणजेच मालिश. तसं नाही. बाटलीबरोबर हात येत नाहीत.

आज पुन्हा घरचं तेल भेट द्यायची आवड दिसते. जरूर द्या. पण आजीचं सगळंच जसंच्या तसं घेऊ नका. बाटली उन्हात खडखडीत वाळवा, आत पाण्याचा थेंब नको. तेल थोडंच काढा, गार झाल्यावर भरा. वासाची अत्तरं तान्ह्या बाळाच्या तेलात घालू नका. आधी बाळाच्या हाताला थोडंसं लावून एक दिवस बघा. पुरळ किंवा लाली दिसली तर थांबा. आणि पूर्वी नाकात, कानात तेल घालायचे, ते अजिबात करू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून बाळ आजारी पडू शकतं. टाळूवरही हात हलकाच ठेवा, दाबू नका. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, तर दवाखान्यात विचारूनच मालिश सुरू करा.

आणि बाळंतिणीला विसरू नका. मालिश तिच्या कंबरेलाही लागते. तेल देणार असाल तर बरोबर अर्धा तासही द्या. बाळ आपल्या मांडीवर घ्या, तिला निजू द्या. न्हाऊ घालायला बाई ठेवली असेल, तर तिचे पैसे ठरवून, वेळेवर द्या. चहा ओसरीवर नको, आपल्याबरोबर बसवून द्या.

शेवटी एक छोटं काम. बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवा. तेल काढल्याची तारीख लिहा, म्हणजे किती जुनं ते कळेल. खाली काढणारीचं नाव लिहा. आणि तुम्हाला लहानपणी जिने न्हाऊ घातलं, तिचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तेही लिहा. शंभर वर्षांत जे कुणी लिहिलं नाही, ते आपण एवढ्याशा कागदावर सुरू करू.