वजीफा, पेन्शन आणि पाडवा

‘निवृत्तिवेतन’ हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्यातील गंमत ध्यानात येईनाशी झाली आहे. निवृत्ती म्हणजे संसारातून, कर्मातून मन काढून घेणे. ज्ञानदेवांच्या वडील बंधूंचे नाव निवृत्तिनाथ होते ते याच अर्थाने. प्रवृत्ती श्रेष्ठ की निवृत्ती, हा वाद आपल्या देशात शतकानुशतके चालला आणि १९१५ साली लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध करून आपले वजन कर्मयोगाच्या पारड्यात टाकले. अशा या भारदस्त शब्दाला सरकारी कचेरीने ‘वेतन’ जोडून दिले आणि कर्म सोडल्याबद्दल दरमहा पगार असा एक अजब समास तयार झाला. जुनी माणसे असे बोलत नसत. ‘अमुक गृहस्थ पेन्शनीत निघाले’ एवढेच ती म्हणत. आणि परभणीकडची जुनी माणसे त्याहूनही निराळे म्हणत. तिकडे माणूस वजीफ्यावर निघे.

या वजीफ्याची, आणि ज्यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही त्यांचीही, हकीकत आज सांगावयाची आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पगारी नोकरी ही वस्तू त्या मुलखात फारशी जुनी नव्हे. गावगाड्यात पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार यांपैकी कोणालाही नोकरी नव्हती. कोणाला वतन होते, कोणाला बलुते. कुळकर्ण्याची नजर मंद झाली की दप्तर मुलाच्या मांडीवर येई. सुताराचा हात कापू लागला की वाकस आणि पटाशी मुलगा उचली, आणि म्हातारा ओट्यावर बसून लाकडाची पारख सांगे. सुगीतले धान्य घरात येतच राही, कारण ते माणसाला नव्हे, घराला मिळत असे. ‘आजपासून काम संपले’ असा दिवस त्या आयुष्यात उगवतच नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत सामील व्हावेसे वाटत नाही. ज्या महाराला वतनाने गावाच्या राबणुकीस बांधून घातले होते, त्याला म्हातारपणीही सुटका नव्हती आणि त्याच्या पश्चात त्याच्या मुलालाही नव्हती. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते या बंधनावरच घाव घालण्यासाठी.

पगार आला तो पहिल्या सालारजंगांच्या कारकीर्दीत. ते १८५३ साली दिवाण झाले तेव्हा बऱ्याचशा मुलखाचा वसूल मक्त्याने दिलेला असे, आणि मक्तेदाराने रयतेपासून काय उकळले याचा हिशेब कोणी विचारीत नसे. १८६५ साली सालारजंगांनी जिल्हाबंदी केली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे इंग्रजी मुलखातला कलेक्टर, आणि तालुक्यावर तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली. पगाराच्या पाठोपाठ रजा, बदली, बढती आली आणि शेवटी वजीफा आला. गंमत अशी की ज्याच्या कारभारातून ही व्यवस्था निघाली त्या दिवाणाला मात्र ती लाभली नाही. पदावर असतानाच, १८८३ साली, त्यांचा अंत झाला.

वजीफ्याचे पुरे नाव होते ‘वजीफा-ए-हुस्ने-खिदमत’, म्हणजे चांगल्या चाकरीबद्दलची नेमणूक. उर्दूत ‘वजीफा’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे: नित्यनेमाने करावयाचा जप. पंचावन्न वर्षांचा मनुष्य कचेरीतून घरी आला की त्याच्या एका वजीफ्यावर घर चालावे आणि दुसऱ्यात त्याचा दिवस जावा, अशी ही सोय भाषेनेच करून ठेवलेली होती. असा गृहस्थ ‘वजीफायाब’ म्हणवी; ‘वजीफायाब तहसीलदार’ असे नावापाशी अभिमानाने लिहिण्याची चाल होती. त्याची रक्कम हाली रुपयांत मिळे आणि सात हालींचे सहा कलदार होत. तेव्हा ज्याचा मुलगा पुण्यास शिकावयास असे, त्याला आपल्या चाकरीचे मोल संस्थानची हद्द ओलांडताच घटते, हे दरमहा प्रत्ययास येई.

परंतु त्या लांबलचक नावातला मेखेचा शब्द ‘हुस्न’ हा आहे. चाकरी चांगली झाली की नाही हे ठरविणार कोण? अर्थात सरकार. म्हणजे वजीफा ही कृपा होती; देणाऱ्याने दिली तर घ्यावयाची. इंग्रजी अमलातील पेन्शनचे नियमही याहून फार उदार नव्हते. पुढची वर्तणूक चांगली राहिली पाहिजे, ही अट त्यांच्यातही होतीच.

कृपेवर उभी असलेली गोष्ट किती डळमळीत असते, हे १७ सप्टेंबर १९४८ नंतर दिसून आले. संस्थान भारतात विलीन झाले. जुन्या राजवटीतील कित्येक अधिकारी, विशेषतः मुसलमान अधिकारी, नोकरीस मुकले, कित्येक मुदतीपूर्वीच घरी बसले, तर काही मुलूखच सोडून गेले. रझाकारांच्या जुलमाची आठवण ताजी असल्यामुळे त्यांच्याविषयी हळहळ वाटावी अशी ती वेळ नव्हती. तथापि त्यांत जुलूम करणारे किती आणि निमूटपणे टाचणी-टिपणी करून दिवस काढणारे किती, याची निवड करण्याइतकी उसंत त्या वर्षात कोणाला मिळाली असेल, असे मला वाटत नाही. आणखी एक निवृत्ती त्या काळात घडली, तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती म्हणजे भाषेची. उर्दूत नक्कल, हुकूम आणि फैसला लिहिण्यात ज्याची हयात गेली, तो मराठी कारकून १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला तेव्हा त्याचे कसब बिनकामाचे ठरत चालले होते. पगार चालू होता आणि विद्या पेन्शनीत निघाली होती. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की, राज्यपुनर्रचनेच्या कायद्यातील ११५ व्या कलमाने अशा नोकरांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले आणि केंद्र सरकारच्या संमतीवाचून त्या त्यांच्या नुकसानीने बदलू नयेत असे ठरवले.

आता दोन माणसे जवळजवळ ठेवून पाहू. बडोद्याच्या नोकरीतून गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ साली मोकळे झाले तेव्हा साठ वर्षांचे होते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी त्यांचे पुढचे आयुष्य पाहावे. कामशेतला बिऱ्हाड करून त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, इंग्रजीत मराठ्यांचा नवा इतिहास लिहिला आणि १९५९ साली ते वारले. नोकरी सुटल्यावर ३४ वर्षे! पेन्शन म्हणजे काम करण्यासाठी मिळालेली मोकळीक, असा तिचा अर्थ ज्यांनी केला त्यांचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे गृहस्थ परभणीचे. भगवान रघुनाथ कुळकर्णी, म्हणजेच आपले कवी बी. रघुनाथ. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ साली त्यांचा जन्म झाला. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी पत्करली. संस्थानात मराठीला मान नव्हता, मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईस, आणि दिवसाचे उत्तम तास कचेरीच्या कागदांवर खर्च होत. उरल्यासुरल्या वेळात या माणसाने कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. मराठवाड्यातील खेड्यांचे आणि निजामी अमलाखालील घुसमटीचे चित्र जितके त्यांच्या लेखनात उतरले आहे, तितके त्या काळी क्वचितच कोणी उतरविले असेल. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच, ते गेले. वय ४०. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा काव्यसंग्रह वाचकांच्या हाती पडला तो त्यानंतर. सरदेसायांना ३४ वर्षे मिळाली, बी. रघुनाथांना एक दिवसही नाही. परभणीत आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु निवृत्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने हेही लिहिले पाहिजे की, नोकर चाळिशीत वारला तर त्याच्या घराला दरमहा निश्चित काही मिळावे, अशी कुटुंब-निवृत्तिवेतनाची योजना केंद्र सरकारने केली तीच मुळी १९६४ साली.

रेल्वेची तऱ्हा आणखी वेगळी. पूर्णा जंक्शनच्या वसाहतीत ज्यांची हयात इंजिनाच्या धुरात गेली त्यांना प्रारंभी पेन्शन नव्हतेच. भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी थैली हाती पडे. त्या थैलीतून मुलीचे लग्न होई, घरावर पत्रे पडत आणि म्हातारपण मात्र उघडेच राही. १९५७ च्या नोव्हेंबरात रेल्वेत पेन्शन सुरू झाले व जुन्या नोकरांना दोहोंतून एक निवडण्याची मुभा मिळाली. एकाच वसाहतीत, एकाच कामावरून उतरलेले दोन शेजारी, एक थैलीवाला आणि एक महिनेवाला, ही स्थिती मग पुढे कितीतरी वर्षे राहिली.

खेड्यातील शाळामास्तरांची एक मौज येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पोराला शाळेत घालावयास बाप येई तो जूनमध्ये. जन्मतारीख त्याला ठाऊक नसे. मास्तर १ जून लिहून मोकळे होत. अशा लेखणीच्या फटकाऱ्याने जन्मलेली मुले पुढे नोकरीस लागली आणि एकाच दिवशी, ३१ मे रोजी, सेवानिवृत्त होऊ लागली. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत त्या दिवशी हारांचा नि नारळांचा जो सुकाळ होतो, त्याचे मूळ हे आहे.

असो. वजीफा कृपा की हक्क, या प्रश्नावर १९८२ साली ठाम शब्दांत निकाल लागला. १७ डिसेंबर रोजी नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नव्हे. ते पूर्वी केलेल्या सेवेचे देणे आहे. तो ‘हुस्न’ शब्द खऱ्या अर्थाने तेथे गळून पडला. पण निकालाला पुरती तेवीस वर्षेही झाली नव्हती तोच १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागणाऱ्यांना जुने पेन्शन नाही, असे महाराष्ट्र सरकारने ठरविले, आणि मार्च २०२३ मध्ये तेच परत मिळावे म्हणून राज्यातील लक्षावधी कर्मचारी संपावर गेले. संपकऱ्यांवर लोक चिडले होते, हे मला ठाऊक आहे. त्या चिडीत एक साधा प्रश्न दडलेला होता: आम्हांला कोण देतो?

तो प्रश्न विचारण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्यांचा, त्यांनी तो फारसा विचारलेला नाही. गंगाखेड हे गोदाकाठचे गाव. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. या गावची जनाबाई लहानपणी पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर स्वतःस ‘नामयाची दासी’ म्हणवीत राहिली. दळण, कांडण, सडासारवण यांतून ती कधी मोकळी झाली, असे परंपरा सांगत नाही. विठ्ठल तिला दळू लागे, असे मात्र सांगते. विश्रांती मिळाल्याची नव्हे, सोबत मिळाल्याची ही कथा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजही घरधनी पेन्शनीत निघाला म्हणजे गृहिणीचे काम कमी होत नाही. दुपारचा एक चहा वाढतो. अंगणवाडी चालविणाऱ्या बायांना तर सरकार वर्षानुवर्षे वेतन न म्हणता ‘मानधन’ देत आले. मानधनाला कसली निवृत्ती? त्यांनाही उपदानाचा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

आणि सालगडी. परभणीच्या काळ्या रानातला कापूस, ज्वारी ज्याच्या अंगावर उभी राहते तो हा गडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका वाड्याशी बांधलेला असतो. पाडव्याला साल संपते. धनी पुन्हा बोली करतो, रोख किती, धान्य किती, उचल किती ते ठरते आणि गडी बैलांकडे वळतो. त्याला निवृत्तीचे वय नाही. हार नाही, नारळ नाही, जन्मतारखेचा घोळही नाही. फक्त एका वर्षी पाडवा येतो आणि बोली करावयास कोणी येत नाही. वाड्यातून धाकट्या गड्याला बोलावणे गेल्याचे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळते. धनी दुष्ट असतो असे नाही; त्याचीही शेती पावसावर आणि त्यालाही पेन्शन नाही. त्या दिवसापासून गडी शेळ्या वळतो, राखण करतो, नातवंडे सांभाळतो.

अशांसाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राची वृद्धापकाळाची योजना १९९५ साली निघाली तेव्हा महिना ७५ रुपये होते. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टी ओलांडलेल्या निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ साली १५०० रुपये झाली. ती मिळवावयाची तर वयाचा पुरावा लागतो, आणि ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याला १ जून लिहून देणारा मास्तरही भेटलेला नसतो. पेन्शनरास दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. श्रावणबाळाच्या म्हाताऱ्यासही वर्षातून एकदा तसाच दाखला द्यावा लागतो. एकाला आपण जिवंत आहो एवढेच सांगून भागते. दुसऱ्याला उत्पन्नाचा दाखलाही द्यावा लागतो, आणि त्यासाठी तो सकाळच्या गाडीने तालुक्यास येऊन कचेरी उघडण्याची वाट पाहत बसलेला असतो.