समवाय कीं संयोग ?

वर्धा येथें ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तींतून निघालेल्या 'नयी तालीम' योजनेच्या वाङ्मयांत 'समवाय' हा शब्द वारंवार भेटतो. हस्तोद्योगाच्या आधारें गणित, विज्ञान, भाषा, इतिहास हे विषय शिकविण्याच्या रीतीस हें नांव पडलें. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून तो शब्द आतां इतका गुळगुळीत झाला आहे कीं, त्याचें मूळ कुळ कोणतें ह्याची फारशी विचारपूस होत नाहीं. प्रस्तुत टिपणांत त्या मूळ अर्थावरून सदर पद्धतीची परीक्षा करावयाची असून, शेवटीं एका पोथीचा वृत्तांत द्यावयाचा आहे. संग्राहकांस तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

न्यायवैशेषिकांच्या परिभाषेंत समवाय म्हणजे अयुतसिद्ध पदार्थांमधील नित्य संबंध. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं बाळपणीं घोकला आहे, त्यांस समवायिकारणाचें उदाहरण सांगावयास नको. तंतु हे पटाचें समवायिकारण. तंतु काढून घेतले कीं पट उरत नाहीं. संयोगाची गोष्ट वेगळी. पोथी फळीवर ठेविली म्हणजे दोहोंचा संयोग झाला, उचलली कीं तो संपला. पोथीचें कांहीं जात नाहीं व फळीचेंहि नाहीं. योगायोग असा कीं, नयी तालिमेंत प्रमुख ठरलेला उद्योग कताई-विणाईचाच होता. नैयायिकांचें उदाहरण जणूं वर्गांत येऊन बसलें !

डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें २ डिसेंबर १९३७ रोजीं आपला अहवाल सादर केला. साडेपांच तासांच्या शाळेंत मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें, मातृभाषेस ४० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित ह्या तिहींस मिळून ४० मिनिटें. समाजशिक्षण व सामान्य विज्ञान यांस मिळून ३०. हे आंकडे पाहून वाचक बिचकतो. परंतु गणिताचा तास येथें कमी केलेला नसून तो सुतांत धरलेला आहे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. आपलें सूत बारीक उतरलें कीं जाड, हें नेमकें जाणण्यास त्याचा अंक काढावा लागतो. आणि लांबी व वजन यांचें गुणोत्तर मांडल्यावांचून अंक निघत नाहीं. हा खरा समवाय. उलट, टकळी फिरवीत कापूस पिकविणाऱ्या देशांचीं नांवें घोकावयाचीं, हा केवळ संयोग होय. टकळी बाजूस ठेविली तरी नांवें तींच राहतात. ही योजना पुढें जी कोमेजली तिचीं कारणें अनेक आहेत; परंतु समवायाच्या नांवाखालीं संयोग चालला, हें त्यांतील एक मोठें कारण होय, असें आमचें मत आहे.

मूळ योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं होती. पुढें कोठारी आयोगानें (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचविला व १९७७ मध्यें ईश्वरभाई पटेल समितीनें 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हें नांव पुढें आणिलें. नांवें बदललीं, काम बहुतेक ठिकाणीं वेळापत्रकांतील एका चौकोनांत बसलें. ह्यास सन्मान्य अपवाद पाबळचा. मस्तानीच्या समाधीमुळें हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेच. तेथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला, आणि माध्यमिक शाळेंतील मुलांस शेती, पशुपालन, लोहारकाम-सुतारकाम, ऊर्जा, गृह व आरोग्य यांचें काम प्रत्यक्ष हातानें करावयास लाविलें. तेथें बांधलेल्या वस्तूचा खर्च काढणें हाहि कामाचाच भाग असे.

आतां पोथीविषयीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मीं इयत्ता नववीच्या मुलांकडून एका व्रतमाहात्म्याच्या पोथीची नक्कल करविली. बोरू तासले, कागद घोटला, शाई दोन प्रकारची केली : एक काजळ व बाभळीचा डिंक यांची, दुसरी हिरडा व हिराकस यांची. चुकलेल्या अक्षरावर जुने लेखक हरताळ फाशीत, पण तो विषारी म्हणून मुलांच्या हातीं दिला नाहीं. हिराकशीच्या शाईचे डाग कांहीं वर्षांनीं पत्राच्या पाठीमागें तपकिरी उमटले. काजळाची शाई जशीच्या तशी राहिली. जुन्या पत्रांतील अक्षरें जाळल्यासारखीं कां दिसतात, हें मुलांस निराळें सांगावें लागलें नाहीं.

मूळ पोथीचीं पत्रें २२, पृष्ठास ९ ओळी, ओळीस सरासरी ३० अक्षरें. समासांतील पत्रांक कसरीनें खाल्लेले. कागद किती लागेल ह्याचा हिशेब एका मुलीकडे होता. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून तिनें ११,८८० अक्षरांचे ३७१ ग्रंथ काढले, आणि पुष्पिकेंत ४०५ कां लिहिले आहेत, असें मला विचारलें. मीं सांगितलें, लेखकु वेतनासाठीं संख्या फुगवीत. तिचें समाधान झालें नाहीं. तिनें पानें पुन्हां लाविलीं. चवदावें पत्र श्लोकाच्या मध्यें तुटत होतें व पंधराव्याचा आरंभ त्याशीं जुळत नव्हता. न्यून ३४ ग्रंथांचें. म्हणजे बरोबर दोन पत्रें. हीच पोथी एका हस्तलिखितसूचींत मीं स्वहस्तें 'पूर्ण' म्हणून नोंदविली होती.

ह्या खटाटोपांत त्या वर्षीं समासप्रकरण घाईनें उरकावें लागलें, व एका पालकांनीं त्याबद्दल शाळेकडे तक्रारहि केली. ती अगदींच निराधार नव्हती.

सूचींतील नोंद मागाहून दुरुस्त केली. दोन पत्रें अद्याप मिळालेलीं नाहींत. दर पृष्ठास ९ ओळी, दोन्ही बाजूंस तांबड्या दुहेरी रेघांचा समास, व पत्रांक कसरीनें खाल्लेला, अशीं सुटीं पत्रें कोणाच्या बासनांत असल्यास कृपा करून कळवावें.