जखम, दाह आणि पुनर्जनन : प्राणी-प्रतिमानाच्या इतिहासातील तुलनेचा प्रश्न

मराठीतील वैद्यकविषयक कोशलेखनात ‘शोथ’ या संज्ञेपुढे ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा आढळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही शोथाची चार लक्षणे सांगितली होती. मराठी खुलाशात त्यांपैकी दोन उतरली आहेत. लॅटिन संज्ञेच्या मुळाशीही ज्वालाच आहे. दोन्ही भाषांत शब्द घडला तो जखम पाहणाऱ्याच्या आणि भोगणाऱ्याच्या अनुभवातून. जखमेच्या आत काय घडते, हे मात्र जिवंत मानवी शरीरात पाहणे दीर्घकाळ शक्य नव्हते. त्यासाठी दुसऱ्या शरीराची साक्ष काढावी लागली. प्राणी-प्रतिमानाचा इतिहास हा या अर्थाने तुलनेच्या पद्धतीचाच इतिहास होय.

क्रेफिशचा तुटलेला पाय पुन्हा वाढतो, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१२ मध्ये नोंदविले. १७४० मध्ये हेगजवळ एका सरदारघराण्यातील मुलांना शिकविणारा जिनीव्हाचा आब्राम ट्रांब्ले याला पाण्यात एक हिरवा सूक्ष्म जीव आढळला. ही वनस्पती की प्राणी, याचा निवाडा करण्यासाठी त्याने तो कापला. दोन्ही तुकडे जगले तर ती वनस्पती, असा त्याचा तर्क होता. दोन्ही तुकडे जगले आणि प्रत्येकाचा पूर्ण जीव झाला. परंतु हा जीव हालचाल करी, भक्ष्य पकडी. त्यामुळे निवाडा होण्याऐवजी ‘प्राणी’ या कल्पनेचीच व्याख्या डळमळली. ट्रांब्लेने त्याचे डोके उभे चिरून अनेक डोक्यांचा जीव तयार केला आणि ग्रीक पुराणातील हायड्रा राक्षसाची आठवण दिली. लिनीअसने १७५८ मध्ये हेच नाव शास्त्रीय नामावलीत रूढ केले. मराठीत त्याचा ‘जलव्याल’ झाला. वस्तुतः हायड्राच्या कथेत केवळ मस्तके पुन्हा उगवतात. प्रत्येक अंशातून संपूर्ण देह निर्माण होणे हे ‘देवीमाहात्म्या’तील रक्तबीजाला अधिक जवळचे आहे. नामकरण करणाऱ्याच्या हाताशी जी पुराणकथा असते, तीच निरीक्षणाला आकार देते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. स्पालान्झानी याने १७६८ मध्ये सॅलॅमँडरचे पाय व गोगलगायीचे डोके यांच्या पुनर्जननाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा व्होल्तेअरनेही गोगलगायींची डोकी कापून पाहिली आणि त्यावर उपहासगर्भ लेखन केले. प्रयोग आणि साहित्य यांच्या सीमा त्या काळी आजच्याइतक्या पक्क्या नव्हत्या.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न बदलला. पू कोठून येतो? तो जखमेजवळच्या ऊतकातील पेशींच्या वाढीतून निर्माण होतो, असे बर्लिनच्या फिर्खोचे मत होते. त्याचाच साहाय्यक यूलियुस कोनहाइम याने जिवंत बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडताना त्याला दिसल्या. हा निष्कर्ष १८६७ मध्ये फिर्खोच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेडकाची निवड झाली ती त्याच्या पडद्याच्या पारदर्शकतेमुळे. आणि त्या पडद्यात प्रामुख्याने दिसतात त्या रक्तवाहिन्या. शोथ ही रक्तवाहिन्यांची विकृती होय, हा कोनहाइमचा सिद्धान्त या निवडीपासून वेगळा काढता येत नाही.

इल्या मेच्निकोव्ह याने १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे वेगळा जीव निवडला. तारामीनाच्या पारदर्शक डिंभात त्याने काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. या डिंभाला रक्तवाहिन्याच नसतात. ज्या देहात वाहिन्या नाहीत तेथेही शोथाचे मूळ रूप दिसत असेल, तर वाहिन्या हे त्याचे सार असू शकत नाही. सार आहे ते परक्या वस्तूवर चालून जाणाऱ्या भक्षकपेशींत. शोथ हा केवळ बिघाड नसून प्रतिकार आहे, ही कल्पना येथून आकारास आली. पाश्चर संस्थेत १८९१ मध्ये दिलेल्या आणि १८९२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांना मेच्निकोव्हने शोथाची ‘तुलनात्मक’ विकृतिमीमांसा म्हटले. १९०८ मध्ये त्याला पाउल एर्लिख याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील शतकात हे दोन प्रवाह एकत्र आले. झेब्राफिश हा मासा हृदयाच्या जवनिकेचा सुमारे २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत तो भरून काढतो, असे २००२ मध्ये दिसून आले. २०१३ मध्ये ॲक्सोलॉटलच्या शरीरातील महाभक्षक पेशी नष्ट केल्या असता त्याचा तुटलेला पाय पुन्हा वाढला नाही. तेथे व्रण राहिला. मेच्निकोव्हच्या पेशी केवळ रक्षक नव्हेत, तर पुनर्जननाची पूर्वअटही ठरल्या.

तथापि त्याच वर्षी तुलनेचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. भाजणे, आघात यांनंतर माणसाच्या जनुकांचा प्रतिसाद उंदरात फारसा उमटत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या अभ्यासकांनी तीच सामग्री घेऊन, साम्य मोठे आहे, असे मांडले. पहिल्यांनी माणसात बदललेली जनुके आधाराला घेतली होती. दुसऱ्यांनी दोन्ही प्रजातींत बदललेली तेवढीच घेतली. आकडे तेच होते, वेगळा होता तो तुलनेचा आधार. उपचाराची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा वाद शाब्दिक नाही. उंदरात गुणकारी ठरलेले औषध त्याला लागू पडेल की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

सेल्ससच्या चार लक्षणांपैकी वेदना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ती सांगण्यासाठी भाषा लागते आणि साक्षीला आणलेल्या प्राण्याजवळ मानवी भाषा नाही. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात करण्यात आली, ती या मौनाची दखल होय. एक देह दुसऱ्याच्या जागी उभा करताना तो कोणत्या बाबतीत प्रतिनिधी आहे आणि कोणत्या बाबतीत नाही, हे आधी सांगावे लागते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ही अट अपरिचित नाही.