उसन्या श्वासाची कुळकथा

फुप्फुसाला स्वतःचे स्नायुबळ नाही. ते फुगते ते छातीचा पिंजरा विस्तारला म्हणून, आणि पिंजरा विस्तारतो तो श्वासपटल खाली उतरले व बरगड्यांमधील स्नायूंनी बरगड्या वर उचलल्या म्हणून. त्या स्नायूंवरील मज्जातंतूंचा अंमल एकदा सुटला, किंवा खुद्द स्नायूच झिजले, की निर्दोष फुप्फुसे जागच्या जागी निकामी पडून राहतात आणि माणूस शुद्धीवर असता गुदमरू लागतो. पोलिओ, गियाँ-बारे, मायस्थेनिया, कोवळ्या मुलांना क्रमाक्रमाने ग्रासणारी ड्युशेनची स्नायुव्याधी, आमच्याकडील मण्यारीचा दंश, या सर्वांची कारणे भिन्न असली तरी प्राणावर बेतते ते याच वाटेने. येथे उणीव बळाची आहे आणि बळ बाहेरून पुरविता येईल, हा विचार वैद्यांना फार पूर्वी सुचला. तो साधण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८३२ साली स्कॉटलंडातील जॉन डॅलझील या वैद्याने रोग्याचे मस्तक व मान तेवढी बाहेर ठेवून उर्वरित देह हवाबंद पेटीत बसविण्याची, आणि पेटीतील हवा भात्यांनी कमीअधिक करण्याची युक्ती वर्णिली; १८७६ मध्ये पॅरिसच्या वॉएलेने त्याच तत्त्वावर हाताने चालणारे यंत्र सिद्ध केले. छातीबाहेरील दाब उतरला की छाती फुगावी आणि नाकातोंडावाटे हवा आत यावी, हा त्यांचा तर्क निसर्गाला धरून होता. पण अहोरात्र तो दाब खालीवर करीत राहण्याचे सामर्थ्य विजेच्या आगमनापर्यंत कोणापाशी नव्हते. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांनी हे काम हाती घेतले तेही पोलिओसाठी नव्हे, तर कोळशाच्या वायूने आणि विजेच्या धक्क्याने श्वास बंद पडलेल्यांसाठी, आणि त्यासाठी पैशाची तरतूद न्यूयॉर्कच्या एका गॅस कंपनीने केली होती. १९२८ च्या ऑक्टोबरात बोस्टनच्या बालरुग्णालयात पोलिओने बेशुद्ध पडलेली आठ वर्षांची मुलगी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवण्यात आली आणि काही मिनिटांत शुद्धीवर आली. पुढे थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने ती दगावली, तरी ‘लोखंडी फुप्फुस’ जगाला ठाऊक झाले. १९३१ मध्ये जॉन एमर्सनने स्वस्त व कमी आवाजाची पेटी काढली. ड्रिंकरने लावलेल्या पेटंटच्या दाव्यात जुने दाखले पुढे आले आणि ड्रिंकरचीच पेटंटे रद्द ठरली. १९३८ पासून मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफिल्ड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बोथची प्लायवूडची पेटी आपल्या कारखान्यात बनवून, साम्राज्यातील मागेल त्या इस्पितळाला फुकट देण्याचे ठरविले.

असे असता १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनवर पोलिओची जी साथ कोसळली, तिने या साऱ्या वैभवाची मर्यादा उघडी केली. ब्लेगडॅम या साथीच्या इस्पितळात ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत रोगी दाखल होत, आणि तेथे लोखंडी फुप्फुस होते अवघे एक. छातीवर कवचासारखी बसणारी लहान यंत्रे होती सहा. श्वसनाचा पक्षाघात झालेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. यंत्रे पुष्कळ असती तरी हा आकडा फारसा बदलला असता असे मला वाटत नाही, कारण या साथीत अनेकांचा घसाही लुळा पडला होता: गिळता न आलेली लाळ श्वासमार्गात साचत होती, आणि बाहेरून छाती ओढणारे यंत्र हवेबरोबर तीही आत ओढून घेत होते.

या आणीबाणीत इस्पितळाचे प्रमुख लासेन यांनी, सहकारी ब्यॉर्नेबो यांच्या सूचनेवरून, २५ ऑगस्ट रोजी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला मसलतीस बोलाविले. रोग्यांच्या रक्तात कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण वाढलेले आढळे, आणि त्याचा अर्थ रक्तातील क्षार अकारण वाढला आहे असा लावला जात होता. शस्त्रक्रियागृहात रोज दुसऱ्याचा श्वास सांभाळणाऱ्या इब्सेनने तेच आकडे पाहिले आणि सांगितले की रोग्याला श्वास पुरत नाही, म्हणून हा वायू बाहेर न पडता साचतो आहे. मला या कुळकथेतील हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, कारण तेथे नवे काहीही निर्माण झाले नव्हते. पुढ्यातील कागद एका निराळ्या अनुभवाच्या माणसाने वाचला होता.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यातून छेद देऊन त्यात नळी बसविण्यात आली, पण मुलगी इतकी धडपडत होती आणि तिचे श्वासमार्ग इतके आवळले होते की हवा आत जाईना. पाहणारे एकेक करून बाहेर पडू लागले. तेव्हा इब्सेनने तिला पेंटोथल हे भुलीचे औषध दिले. धडपड थांबली, स्वतःचा उरलासुरला श्वासही मंदावला, आणि रबरी पिशवी हाताने दाबून त्याने तिची फुप्फुसे भरावयास आरंभ केला, तशी तिची प्रकृती सावरली. मग त्याने तिला मुद्दाम कवचयंत्रावर ठेवून दाखविले: वायू पुन्हा साचू लागला, पुन्हा पिशवीवर घेतले, तो उतरला. त्यानंतर शंकेला जागा राहिली नाही.

पण पिशवी दाबणार कोण? सुमारे १,५०० वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्यांनी बसले. एका वेळी सत्तर रोग्यांना असा श्वास दिला जात होता, आणि महिनोन्महिने चाललेल्या या कामाचे तास १,६५,००० भरले. हवा सहज जाते आहे की नळीत कफ अडकला आहे, हे त्यांना तळहाताला जाणवणाऱ्या रोधावरून कळे. मुले शुद्धीवर असत आणि विद्यार्थी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत. काहींच्या हाताखालीच रोगी दगावले, आणि तेवढ्या कोवळ्या वयात ते त्यांना सोसावे लागले. मृत्यूचे प्रमाण मात्र निम्म्याहून खाली आले. आजच्या व्हेंटिलेटरच्या वंशावळीत मूळपुरुषाचा मान पत्र्याच्या पेटीला देण्याचा प्रघात आहे. माझ्या मते तो या विद्यार्थ्यांच्या हातांचा आहे, कारण हवा बाहेरून ओढण्याऐवजी आत ढकलण्याचा मार्ग त्यांनी दीर्घकाळ चालवून दाखविला. स्वीडनच्या एंगस्ट्रॉमचे यंत्र त्यांच्या जागी आले ते त्यानंतर, आणि १९५३ च्या डिसेंबरात इब्सेनने कोपनहेगनच्या नगर-इस्पितळात अत्यवस्थ रोग्यांसाठी जो स्वतंत्र विभाग उघडला, त्यातून पुढे जगभरचे अतिदक्षता विभाग झाले.

पिशवीही संपली नाही. तिला दाबल्यावर पुन्हा भरण्यास दाबाखालील वायूचा पुरवठा लागे. ती अडचण डेन्मार्कच्याच हेनिंग रूबेन व होल्गर हेसे यांनी १९५६ मध्ये आपोआप फुगणारी पिशवी करून दूर केली, आणि तीच आपली ‘अंबू बॅग’. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या शेतकऱ्याला मण्यार डसते, पापण्या मिटू लागतात आणि पाठोपाठ छातीचे स्नायू थकतात. तिच्या विषातील एक घटक मज्जातंतूंची टोकेच उद्ध्वस्त करीत असल्यामुळे प्रतिविष दिल्यावरही ती टोके पुन्हा उगवेपर्यंत दिवसचे दिवस श्वास उसनाच पुरवावा लागतो, आणि व्हेंटिलेटर असलेले इस्पितळ गाठेपर्यंत रुग्णवाहिकेत तो अंबू बॅगनेच पुरविला जातो.