लांबलेली दिवाळी

सुरतेत कारीगराला कुणी कामावरून काढत नाही, त्याची सुट्टी लांबते. २००८ च्या मंदीत हिऱ्याच्या कारखान्यांना दिवाळीची सुट्टी पडली आणि कित्येकांची दारं नंतर उघडलीच नाहीत. एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या चाकाभोवती, चौघं बसून पैलू पाडायचे; त्यांच्या हाती नोटीस पडली नाही की हिशेब. कायदाच तोकडा होता, असं यावर म्हटलं जातं. ते मला पटत नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. १९५३ च्या दुरुस्तीनं वर्षभर राबलेल्या कामगाराची कपात करताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणं मालकावर बंधनकारक झालं. त्याला कामगारसंख्येची अट नव्हती. १९६५ मध्ये कलम २अ आलं. तोवर एकट्याची बडतर्फी युनियननं किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी उचलून धरली तरच औद्योगिक विवाद ठरे. युनियनचा जोर नसलेल्या गावाला याहून सोयीची दुरुस्ती कोणती? अडलं ते पुराव्यापाशी. वर्षभराची सेवा ठरायला लागणारे २४० दिवस भरल्याचं कामगारानंच सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं. आणि हजेरीपट तर मालकाच्या कपाटात, तोही असला तर.

हजेरीपटच नसावा याची तजवीज सुरतेच्याच यंत्रमागवाल्यांनी आधीच केली होती. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं झाली की १९४८ चा कारखाने कायदा लागू होई आणि कामगारांची नोंदवही ठेवावी लागे. म्हणून छप्पर एकच, माग एका रांगेत, पण कागदावर दोन-तीन नावांच्या वेगळ्या पेढ्या. उधना-लिंबायतच्या मागांवर खानदेशातून आलेला माणूस मीटरवर मजुरी घेई आणि सरकारदरबारी कुठेच नसे. मालक म्हणतात, कारीगरच टिकत नाही, सणाला गावी जातो, चार पैसे जास्त दिसले की दुसरा शेठ धरतो. हे खोटं नाही. पण बारा महिन्यांत २४० दिवस पुरत, आणि कामगाराचा दोष नसताना काम थांबलं तर सेवा तुटली असं धरत नसत. नगावर राबणारा कामगारच नव्हे, हा युक्तिवाद तर नागपूरच्या विडी वळणाऱ्यांच्या खटल्यात १९६० मध्येच निकालात निघाला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र सक्तीचं केलं. सुरतेला कपातीच्या कलमांपेक्षा हीच तरतूद जास्त कामाची. फक्त ती ज्या संहितेत आहे, ती मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे, आणि दहाच्या आत कसं राहायचं हे मागवाल्यांना शिकवावं लागत नाही.