काशीस जावे, पण आग्रा रोडने

बरेच दिवस काही लिहिले नाही, त्याला कारण आहे. गेले तीन महिने आमच्या मुलुंडच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असतो आणि आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी मांडीवर ताट घेऊन जेवतो आहोत. बेत काशीचा. तोही विमानाने नाही, रेल्वेने नाही, तर चाकांवरच्या घरातून! दोन बिछाने, छोटा ओटा, संडास आणि चालक अशी गाडी भाड्याने मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे वेड माझ्या डोक्यात आहे. खरे मूळ त्याआधीचे. लेकीने अमेरिकेत आम्हाला अशाच गाडीतून आठ दिवस फिरवले होते. तिथे मुक्कामाच्या जागी पाण्याची नळी आणि विजेची तार जोडून देतात. इथे आपण कुठल्या ढाब्यामागे गाडी लावायची हाच मोठा प्रश्न.

चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, दोन-अडीच तासांत विमान बनारसला उतरते. या वयात हा उपद्व्याप कशाला?" त्याचे चूक नाही. पण हिला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने मिटत चालली आहे, आणि गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्या दिवशी दवाखान्यातून येताना ती रिक्षात एवढेच म्हणाली, "मला नुसती काशी नको, वाटेतलं सगळं बघायचंय."

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे तयारीला लागलो की माझा हात आधी जुन्या पुस्तकांकडे जातो. (ही म्हणते, आधी गाडीवाल्याला फोन करा!)

आपल्याकडे म्हातारपणी काशीला जाणे ही काही गंमतीची बाब नव्हती. 'काशीस जावे नित्य वदावे' असे म्हणायचे, कारण बहुतेकांचे ते म्हणण्यावरच राहायचे. ज्यांचे जमले त्यांत पहिले नाव आठवते ते राधाबाईंचे, थोरल्या बाजीरावांच्या मातोश्रींचे. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेले. १७३५ च्या फेब्रुवारीत बाई पुण्याहून निघाल्या आणि १७३६ च्या उन्हाळ्यात परतल्या. सव्वा वर्ष! मुलगा उत्तरेत मोगलांशी झुंजतो आहे आणि आई त्याच मुलखातून तीर्थे करीत चालली आहे. उदयपूर आणि जयपूरकरांनी त्यांचा मोठा मान ठेवला. सवाई जयसिंगांना मराठ्यांशी जमवून घ्यायचे होते, तेव्हा त्या पाहुणचारात राजकारण होतेच. पुढे १७३६ मध्ये बाजीराव स्वतः राजपुताना गाठून जयसिंगांना भेटले. यात्रेने वाट मोकळी केली असे इतिहासकार म्हणतात. मला मात्र वाटते, बाईंना स्वतःला काय दिसले, काय आवडले, हे कोणी लिहून ठेवले असते तर! पत्रांत मुक्काम आहेत, मानपान आहे. बाई काही सापडत नाहीत.

ती उणीव भरून काढणारा माणूस सव्वाशे वर्षांनी निघाला, तो विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, वय तिशीचे, डोक्यावर घरचे कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार असे कानावर आले. हिंदुस्थानात भांग पितात, तिकडच्या बायका भुलवतात, अशी वडिलांची धास्ती! अखेर अनुभवी रामभट काका सोबत आहेत म्हणून परवानगी मिळाली. आमच्या चिरंजीवांनीही 'चालक माहितीतला असेल तरच' अशी अट घातली आहे. पावणेदोनशे वर्षांत घरातल्या काळजीची जात बदललेली नाही, फक्त परवानगी कोणी कोणाला द्यायची ते उलटले आहे.

निघाले ते १८५७ साल. महूच्या अलीकडेच शिपायांनी त्यांना सांगितले की आता मोठी गडबड होणार, मागे फिरा. ते फिरले नाहीत. पुढे झाशीत राणीच्या आश्रयाला असताना १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांचा वेढा पडला. शहर पडल्यावर झालेली कत्तल त्यांनी लपून काढली आणि मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना पुन्हा भेटली. नववीच्या वर्गात मी हा प्रसंग सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही गप्प व्हायची. अडीच-तीन वर्षांनी गोडसे भटजी जवळजवळ रित्या हाताने घरी आले. पण खांद्यावर गंगेची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्ज फेडायला गेलेला माणूस पाणी घेऊन आला.

त्यांनी पुढे सगळे लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापले, बरीच कलम चालवून. मूळ लेखन १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केले. जमल्यास तेच वाचा. रांगडे आहे, पण माणसाचा आवाज त्यात आहे.

१८७० मध्ये मुंबईची रेल्वे जबलपूरवरून कलकत्त्याकडे जोडली गेली आणि पायी काशीयात्रेचे दिवस सरले. प्रयाग, गया, पुरीचा यात्रेकरूंवरचा कर त्याआधीच, १८४० मध्ये, कंपनी सरकारने रद्द केला होता. आता त्याची जागा फास्टॅगने घेतली आहे, असो.

तर मार्ग कोणता? सगळे सांगतात समृद्धीने नागपूर, तिथून जबलपूर. २०२५ च्या जूनमध्ये तो भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झाला, सातशे एक किलोमीटर. वेळ वाचेल हे मान्य. पण त्या रस्त्यावर गाव लागत नाही, नुसते फाटे लागतात. आणि आमच्या घरासमोरून जो लाल बहादूर शास्त्री मार्ग जातो, त्याला जुनी माणसे अजून आग्रा रोड म्हणतात. मी मुलुंडला राहायला आलो तेव्हा कंडक्टरही तसेच म्हणायचे. चाळीस वर्षे हा रस्ता ओलांडून शाळेत गेलो. तो खरोखर आग्र्याला जातो हे मुलांना शिकवले, आणि स्वतः ठाण्यापलीकडे त्याच्यावरून फार तर नाशिकपर्यंत गेलो!

म्हणून कसारा घाट, मालेगाव, धुळे, सेंधवा. खलघाटला नर्मदा ओलांडायची. त्याच्या पुढे धामणोदहून महेश्वरला वळून दोन रात्री राहायचे. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी बांधले, तेव्हा निघताना त्यांच्या घाटावर बसून यावे, हा हिचा आग्रह. मग महू, इंदूर, शिवपुरी, झाशी, काल्पी, प्रयाग. चालक म्हणतो रोज दोनशे-अडीचशे किलोमीटरच चालवू आणि अंधार पडायच्या आत थांबू. ते मला फार पटले, कारण संध्याकाळनंतर हिला समोरचे धूसर दिसते. म्हणजे सगळे प्रवास दिवसाउजेडी. औषधाचे थेंब थंड ठेवायला गाडीत छोटा फ्रीज आहे का, हे मी तीनदा विचारून घेतले.

एकच वाद अजून मिटलेला नाही. मी माळ्यावरून आईचा तांब्याचा गडू काढून घासून ठेवला. ही म्हणाली, "आपल्याला आता स्नान कोणाला घालायचंय?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गडू तिच्या सामानात, साड्यांच्या घड्यांत नीट गुंडाळलेला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी डोळ्यांची तपासणी आहे. डॉक्टरांनी हो म्हटले की गुरुवारी पहाटे निघायचे. चालकाने विचारले, "सर, हायवेवरून काढू ना गाडी?" मी काही बोलायच्या आत ही आतून ओरडली, "नाही हो, घरासमोरूनच!"