पांगुळगाडा

1972 साली आमच्या माणदेशात पेरलेलं उगवलंच नाही. दिवाळीनंतर आई-आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. धाकटा भाऊ तेव्हा सव्वा वर्षाचा. त्याला सांभाळायचं म्हणून माझी चौथीची शाळा सुटली. कामाच्या कडेला बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात त्याला निजवायचं आणि दिवसभर दोरी ओढत बसायचं. खाली खडी, काटे, तापलेली माती. रांगायला सोडलं की गुडघे सोलायचे. रडला की मी झोळी आणखी जोरात हलवायची. खायला रेशनचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी.

दीड वर्ष उलटलं तरी पोरगं पाऊल टाकेना. धरून उभं केलं की पाय मुडपून खाली बसायचं. आजी म्हणायची, "आगं, चालंल की! ह्येचा बा बी उशिराच चालला. अंगणात खड्डा काढा, कमरंपातूर वाळूत उभं करा." गावात तशी रीत होती.

आईला ते पटेना. कारण समोरच्या घरात माझ्याच वयाची माझी मैत्रीण होती. दहाव्या महिन्यात ती भिंतीला धरून चालायची म्हणे. मग ताप आला, चार दिवसांनी उतरला, आणि उजवा पाय लोंबकळू लागला. 'वारं गेलं पायावरनं, चालंल की' म्हणण्यात तिच्या घरच्यांची दोन वर्षं गेली. पोलिओ हा शब्द आमच्या गल्लीत फार उशिरा आला. सरकारी लसीकरणात पोलिओचा डोस येईपर्यंत तर सत्तरचं दशक सरत आलं होतं.

शिमग्याच्या सुमारास आईनं कामावर खाडा केला, धाकट्याला काखेला मारलं आणि आम्ही सहा मैल चालत सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याला उघडं केलं. दोन्ही पाय सारखे आहेत का ते पाहिलं, गुडघ्यांवर हलकेच ठोकलं, मांड्या फाकवून बघितल्या. बसला कधी, रांगला कधी, मोठा ताप आला होता का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "पायांत दोष नाही, बाई. अंगात ताकद कमी आहे. आणि पोर दिवसातनं जमिनीवर किती वेळ असतं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

ते मला रागावले नाहीत. उलट मलाच सगळं समजावलं. अनवाणी खेळू दे. दंडाला धरून ओढू नको, कमरेला धर. खेळणं थोडं लांब ठेव, म्हणजे तो स्वतःहून हलेल. आईला म्हणाले, डाळ घट्ट भरवा, अंडं मिळालं तर तेही द्या.

त्या वर्षी बलुतं द्यायला घरात दाणा नव्हता. तरी सुतारमामांनी मोडक्या तिफणीच्या लाकडाचा पांगुळगाडा करून दिला. तीन चाकं आणि धरायला आडवी दांडी. रिकामा गाडा पुढं पळायचा आणि पोरगं तोंडावर आपटायचं, म्हणून मी त्यावर वरवंटा बांधला. गाडा जड झाला, मग पोराच्या चालीनं चालू लागला. कामावर मी चार हात जागा खडी वेचून साफ केली. घरी जोत्याला धरून त्याला उभं करायची आणि गुळाचा खडा रोज वीतभर पुढं सरकवायची. उन्हाळ्यात, एकविसाव्या महिन्यात, तो जोतं सोडून तुळशीपर्यंत गेला. चार पावलं. आई दळण टाकून धावली.

परवा पुण्यात लेकीकडं गेले होते. नात चौदा महिन्यांची, अजून धरूनच चालते. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं, म्हणून लेक काळजीत. तिनं चाकांचा प्लॅस्टिकचा वॉकर आणला होता. मूल मधे बसवायचं आणि ते चवड्यांनी रेटत फिरतं. मला ती चाकं लावलेली झोळीच वाटली. पांगुळगाड्यामागं मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. यात नुसतं लोंबकळतं. जिन्यावरून पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडानं 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली वाढीची प्रमाणं प्रसिद्ध केली, त्यांत निरोगी मुलं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालू लागतात. लेकीला म्हटलं, "घाई करू नको. पण अठरा महिने झाले आणि चालली नाही, तर डॉक्टरांना दाखव. एक पाय ओढत असेल, अंग फार ताठ किंवा लुळं वाटत असेल, किंवा येत होतं ते बंद पडलं, तर एक दिवसही थांबू नको."

डिसेंबर 1995 मध्ये पहिली पल्स पोलिओ मोहीम झाली, तेव्हा माझी मैत्रीण कुबडी टेकत गावच्या शाळेत गेली, भाचीला पुढं घालून. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. बातमी ऐकून मी तिला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता म्हणू दे की लोकास्नी, चालंल की म्हणून. पर डाक्टरला दावून आल्यावर."